बिघडलेला कॅमेरा

दिवाळी तोंडावर आली की घरोघरचे माळे खाली उतरतात. आमच्या घरी या कामाची वाटणी ठरलेली आहे. स्टुलावर मी चढायचे, खालून सूचना सौभाग्यवतींनी करायच्या, आणि खाली आलेली प्रत्येक वस्तू "असू दे रे, लागेल कधीतरी" असे म्हणत आईने पुन्हा वर पाठवायची. आईने पंच्याऐंशी ओलांडली आहे. सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला दुपारी आठवत नाही. पण वाड्यातल्या घरात कोणत्या डब्याला कोणते झाकण बसत असे, ते ती डोळे मिटून सांगते. त्यामुळे आमचा माळा दरवर्षी उतरतो आणि दरवर्षी जसाच्या तसा पुन्हा चढतो.

२०२४ च्या दिवाळीत मात्र एक डबा परत वर गेला नाही.

बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा होता. त्याला सुतळी बांधलेली. गाठ वडिलांची, हे मी पाहताक्षणी ओळखले. सुतळीचा वीतभर तुकडाही ते कधी वाया घालवीत नसत; त्यांची गाठ नेहमी ओढली की सुटणारी असे. ही गाठ मात्र काही केल्या सुटेना. शेवटी कात्री लावावी लागली. आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला काळा कॅमेरा निघाला. आगफा क्लिक थ्री.

ज्या वाचकांची पन्नाशी उलटली आहे, त्यांना एवढे नाव पुरे. बाकीच्यांसाठी सांगतो. आगफा ही जर्मन कंपनी, पण हा 'थ्री' आपल्याकडे बडोद्याला तयार होत असे, आणि एके काळी मध्यमवर्गीयांच्या घरात रेडिओ आणि शिवणयंत्र यांच्या पाठोपाठ येणारी वस्तू ती हीच. त्यात जुळवाजुळव करण्यासारखे जवळजवळ काही नाही. समोर एक भिंग. उन्हासाठी सूर्याचे चित्र, आभाळ असेल तर ढगाचे. काटा त्यावर न्यायचा आणि खटका दाबायचा. रोल १२० चा, त्यावर सहा सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो. मागे एक छोटी तांबडी खिडकी असते. चावी फिरवावी तसा त्या खिडकीतून कागदावरचा आकडा सरकत येतो. एक, दोन, तीन... बारा. आकडा दिसला की थांबायचे. चावी फिरवायला विसरलात तर हा कॅमेरा तुम्हाला अडवीत नाही. त्याच जागेवर दुसरा फोटो खुशाल काढू देतो. मग काकांच्या पोटातून कुतुबमिनार निघालेला दिसे. असे फोटो तेव्हा घरोघर असत.

आमची भाची कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. तिने तो कॅमेरा माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. तिच्या पिढीत हे खूळ सध्या जोरात आहे. ज्या मुलांच्या मोबाइलमध्ये दहा-दहा हजार फोटो पडलेले असतात, तीच मुले हजार रुपयांच्या घरात पैसे मोजून एक रोल आणतात. आम्हाला वाटले होते, की हा धंदा संपला. २०१२ साली कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी एक्टाक्रोम ही आपली नावाजलेली स्लाइड फिल्म बंद केली. पण २०१८ साली तीच एक्टाक्रोम परत बाजारात आली. २०२४ साली पेंटॅक्सने चक्क नवा फिल्मचा कॅमेरा काढला. त्यात हाताने रोल ओढायचा आणि छत्तीसच्या रोलवर अर्ध्या आकाराचे बहात्तर फोटो घ्यायचे. म्हणजे काटकसरही परत आली म्हणायची!

जुने ते सगळे सोने, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या नात्यातले आल्बम मी पाहिले आहेत. निम्म्या फोटोंत माणसांना डोकी नाहीत, उरलेल्या निम्म्यांत डोळे मिटलेले आहेत. रोल संपायला सहा महिने लागत, धुऊन यायला आठवडा, आणि तेव्हा कळे, की मुंजीचे सगळे फोटो पांढरे फटक आले. मोबाइलने ही धास्ती घालवली, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. पण त्या दिवशी जे घडले ते मोबाइलच्या बाबतीत घडले नसते, हेही तितकेच खरे.

भाचीने कॅमेरा उलटा केला आणि म्हणाली, "मामा, खिडकीत काहीतरी दिसतंय."

मी चष्मा लावून पाहिले. तांबड्या काचेआड आठाचा आकडा होता. आत रोल होता.

ती मागचे झाकण उघडणार तोच मी ओरडलो. तिचा हात तसाच थांबला. आई पलीकडे डब्यांची झाकणे लावून पाहत बसली होती. तिने मान वरही केली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "त्यात त्याचा फोटो आहे."

'त्याचा' म्हणजे कोणाचा, हे आमच्या घरात सांगावे लागत नाही.

मला एक धाकटा भाऊ होता. १९७४ च्या दिवाळीत तो अडीच वर्षांचा होता आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात घटसर्पाने गेला. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. माझी बहीण, म्हणजे या भाचीची आई, त्यानंतर दोन वर्षांनी जन्मली. तिने त्याच्याविषयी फक्त ऐकले आहे. पाहायला काहीच नव्हते. त्याचा एकही फोटो नव्हता. पहिल्या वाढदिवसाला त्याला स्टुडिओत नेले, तर त्याने तेथील पडदा आणि काळे फडके पाहून असा आकांत मांडला, की फोटो न काढताच सगळी परत आली. काकांच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत तो आईच्या कडेवर आहे. पण नेमक्या त्या क्षणी त्याने तोंड फिरवले. त्या फोटोत त्याचे जावळ तेवढे दिसते. आई तो फोटो पाहताना बोट जावळावरच ठेवते.

वडिलांनी कॅमेरा घेतला तो त्याच दिवाळीच्या बोनसमधून. बोनसची बरीच रक्कम त्यात गेली, म्हणून आई दोन दिवस बोलत नव्हती, हे मला आठवते. फोटो काढताना वडील आम्हाला उन्हात उभे करून पावले मोजीत मागे जात, तेही आठवते. पण काढलेले फोटो पाहिल्याचे काही आठवत नाही. कारण उघड आहे. सुतळी जपून ठेवणाऱ्या माणसाने बारांपैकी काही फोटो शिल्लक ठेवून कॅमेरा डब्यात घातला आणि न सुटणारी गाठ मारली.

मी कॉलेजात असताना तेथील डार्करूममध्ये रोल धुवायला शिकलो. घरी येऊन वडिलांना म्हटले, "आपला कॅमेरा कुठे आहे? मी वापरीन." ते वर्तमानपत्रातून डोळे न काढता म्हणाले, "तो बिघडलाय." पुढे बहिणीच्या बारशाची, वाढदिवसांची गोष्ट निघाली की मी काकांचा कॅमेरा मागून आणी. वडिलांनी पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. माणसे कॅमेरा खाली ठेवतात, त्याची कारणे नाना असतात. होमाय व्यारावाला यांनी नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांना टिपले, १९७० साली कॅमेरा ठेवून दिला, आणि २०१२ साली बडोद्यात निधन होईपर्यंत त्या कामाकडे पुन्हा वळल्या नाहीत. त्यांची कारणे त्यांनी बोलून दाखवली होती. आमच्या वडिलांनी "बिघडलाय" एवढेच सांगितले. १९९६ साली ते गेले. वाडा पडला, आम्ही कोथरूडला आलो, डबा न उघडता आमच्याबरोबर आला.

आता मी खटका हळूच दाबून पाहिला असता, तर बिघडलाय की नाही ते कळले असते. पण दाबता येईना! तेच तर सगळे कोडे होते.

खिडकीत आठ होता, म्हणजे सात फोटो नक्की काढलेले. आठव्याचे काय? वडिलांची सवय अशी, की फोटो काढला रे काढला की लगेच चावी फिरवून पुढचा आकडा आणायचा. "दुसऱ्या वेळी विसरायला होतं," म्हणत. त्या हिशेबाने आठवी जागा कोरी असायला हवी. भाचीचे म्हणणे सरळ होते. १२० चा रोल मागे गुंडाळता येत नाही. एका चाकावरून सुटून दुसऱ्यावर चढतो. बाहेर काढायचा तर बारापर्यंत पुढे न्यावाच लागणार. मग नाहीतरी भिंगासमोरून जाणाऱ्या या पाच जागा रिकाम्या का घालवायच्या? आपण पाच फोटो काढू. पहिल्या सातांना धक्का लागत नाही, कारण ते आधीच आतल्या चाकावर गेले आहेत.

तिचा तर्क बिनचूक होता. मी म्हटले, "चार काढू. आठवा सोडायचा."

"पण तो कोरा आहे असं तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणतो. पण मी तिथे नव्हतो."

ती थोडी हिरमुसली. तिच्या मते मी उगाच एक फोटो वाया घालवीत होतो. मी वडिलांचाच मुलगा. वाया घालवणे मलाही लागले. तरी चावी फिरवली. ती फिरताना आतून वाळका पाचोळा चुरगाळल्यासारखा आवाज येत होता. आठ गेला. नऊ आला.

मग चार फोटोंसाठी घरात जी खलबते झाली, ती दिल्लीत मंत्रिमंडळ ठरवतानाही होत नसतील. चारच म्हटल्यावर प्रत्येकाला आपण त्यात असावे असे वाटू लागले. एरवी मोबाइल समोर धरला की सौभाग्यवती तोंडावर पदर घेतात. त्या दिवशी साडी बदलून आल्या. नववा त्यांचा. दहावा आईचा, गॅलरीत उन्हात बसवून. अकरावा भाचीने माझा काढला. बारावा कोणाचा यावर वाद चालला असता खटका माझ्याच अंगठ्याखाली दाबला गेला आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा फोटो निघाला. कॅमेरा बिघडलेला नव्हता, एवढे सिद्ध झाले.

रोल सुखरूप बाहेर आला. काळोख्या मोरीत तो काढून काळ्या कागदात गुंडाळण्यापूर्वी भाचीने त्याचे शेपूट मला दाखवले. त्यावर 'इंदू' लिहिलेले होते. हे नावही आता विस्मरणात गेले. उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, १९६७ पासून तेथे माल निघू लागला. फिल्मला धूळ चालत नाही आणि उकाडा चालत नाही, म्हणून निलगिरीची थंड हवा. आपल्या देशातले लग्नाचे फोटो आणि हाडांचे एक्स-रे बराच काळ तेथल्या मालावर निघाले. १९९० च्या दशकात कारखान्याला घरघर लागली आणि पुढे तो कायमचा बंद पडला. ज्या कारखान्याचा रोल, तो कारखाना नाही. ज्याने फोटो काढला, तो माणूस नाही. ज्याचा काढला, तोही नाही. उरली फक्त ती पट्टी, आणि तिच्यावर काही आहे की नाही ते सांगता येत नव्हते.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, कारण आमची सगळी आशा त्या शास्त्रावरच होती. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक जिलेटिनमध्ये पसरलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकावर चांदीचे मोजके अणू मोकळे होतात, चार-पाच म्हणा. एवढ्याने डोळ्यांना काही दिसत नाही. पण डेव्हलपरमध्ये घातले की ज्या स्फटिकाला हा प्रकाशाचा डाग लागला आहे, तो सगळाच्या सगळा काळी चांदी होऊन जातो. ज्याला लागला नाही, तो तसाच राहतो आणि पुढे हायपोमध्ये विरघळून जातो. म्हणजे फोटो खटका दाबल्याक्षणीच झालेला असतो, तो दिसायचा तेवढा बाकी असतो. (जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचे. कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास असे दाखवले, की काही जिलेटिनमधून फिल्म जास्त तेज निघते ती त्यातल्या गंधकामुळे, आणि ते गंधक येते जनावरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या झाडांतून. हे ऐकल्यापासून आई फोडणी टाकताना माझ्याकडे पाहून हसते.)

आता प्रश्न असा, की न धुतलेला फोटो असा किती दिवस थांबून राहतो? याला एक मोठे उत्तर आहे. स्वीडनचे आंद्रे आणि त्यांचे दोन सोबती १८९७ साली हायड्रोजनच्या फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांच्या आत फुगा बर्फावर उतरला. पुढे महिनोन् महिने पायपीट करून ते एका ओसाड बेटावर पोचले आणि तेथेच संपले. १९३० साली त्यांचे अवशेष सापडले, सोबत कॅमेऱ्याच्या फिल्मही सापडल्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्सबर्ग यांनी त्या धुतल्या आणि ९३ चित्रे निघाली. बर्फावर आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे, हे चित्र त्यांतलेच. तेहतीस वर्षे ते बर्फात वाट पाहत होते.

हे मी भाचीला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "मामा, ते बर्फात होतं. आपलं माळ्यावर, मे महिन्यात, पत्र्याच्या डब्यात." ही मुलगी वादात मला कधी जिंकू देत नाही. उष्णता ही फिल्मची वैरीण आहे. तिने कोऱ्या जागाही आपोआप काळवंडतात आणि सगळ्या चित्रावर धुके चढते. तेव्हा रोल बाहेर देण्यापेक्षा घरीच, सावकाश, बेतबेताने धुवावा असे ठरले. त्याआधी हात बसावा म्हणून एक नवा रोल आणला, तो त्याच कॅमेऱ्यात घालून पर्वतीवर आणि मंडईत काढला, आणि मोरीत धुतला. चाळीस वर्षांनी हायपोचा तो आंबूस वास नाकात शिरला आणि मला एकदम विशीत गेल्यासारखे वाटले. गुडघ्यांना मात्र तसे वाटले नाही. त्या बारांतले सात फोटो बरे आले. मंडईतल्या एका भाजीवालीचा तर असा आला आहे, की तो मी अजून कोणाला तरी दाखवायला खिशात ठेवतो.

सौभाग्यवतींना हा प्रकार आवडला नव्हता. दिवाळी चार दिवसांवर, आणि मोरी तासन् तास बंद. दाराच्या फटीत सतरंजी कोंबलेली. फ्रिजमधला बर्फ श्रीखंडासाठी नसून डेव्हलपर वीस अंशांवर आणण्यासाठी. स्वयंपाकघरातला काटाही मी पोटॅशियम ब्रोमाइड तोलायला नेला, तेव्हा त्यांचा संयम सुटला. मी दादासाहेब फाळक्यांचा दाखला दिला. म्हटले, 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली निघाला तो काही आकाशातून पडला नाही. दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडीत, फिल्म धुवायलाही हात लावीत, आणि वर सगळ्यांचा स्वयंपाक करीत. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही आधी फाळके व्हा. मी लगेच सरस्वतीबाई होते."

काटा नंतर मी घासून ठेवला आणि नवा आणून दिला. खाण्याच्या वस्तूंजवळ ही रसायने नेऊ नयेत, हे वाचकांनीही ध्यानात ठेवावे.

युक्ती अशी होती. नऊ ते बारा हे आमचे फोटो रोलच्या शेपटाकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला. तेवढा तुकडा अंधारात कापून आधी धुवायचा. तो कसा येतो ते पाहून पहिल्या आठांची मात्रा ठरवायची. कापायचे नेमके कोठे? सरावाच्या रोलवर शेपटापासून नवव्या फोटोपर्यंतचे अंतर मोजले आणि तेवढ्या लांबीचा खराट्याचा हीर तोडून घेतला. अंधारात पट्टी चाचपायची, हीर तिच्या कडेला लावायचा, हीर संपेल तेथे कात्री. ऐकायला सोपे आहे. फिल्म पन्नास वर्षे गुंडाळलेली, स्प्रिंगसारखी उसळत होती. भाची पट्टी धरून होती, मी हीर. कात्री टेकवली आणि मला सुचेना. दोन दोऱ्यांनी जरी आत गेलो असतो, तर आठवा कापला जाणार. मी कात्री शेपटाकडे चांगली बोटभर सरकवली आणि कापले.

चौघांचा तुकडा निघाला तो सगळा राखाडी. पण त्या राखाडीत आई होती, मी होतो, टाकी होती. सौभाग्यवतीही होत्या, कपाळाच्या वरचा भाग सोडून. तो दुसऱ्या तुकड्यावर राहिला होता. त्यासाठी साडी बदलली होती, हे मला अजून ऐकावे लागते. धुके दाबण्यासाठी ब्रोमाइड थोडे वाढवले, वेळही थोडा वाढवला, आणि मोठा तुकडा टाकीत घातला. टाकी उलटीसुलटी करताना भाची घड्याळ पाहत होती आणि मी पाहायचे टाळत होतो.

हायपोनंतर झाकण काढून पट्टी उजेडात धरली. पहिल्या तीन जागा जवळजवळ गेल्याच. चौथ्यात वाड्याचा दिंडी दरवाजा, पाचव्यात दोघी काकू, नव्या लुगड्यांत, सहाव्यात कोणीतरी फुलबाज्या घेऊन. सातव्यात मी आणि माझा किल्ला. मातीचा, हळीव पेरलेला, वर सिंहासनावर मातीचे शिवाजी महाराज. मी छाती पुढे काढून उभा.

आठवी जागा कोरी नव्हती.

तिच्या मधोमध तांबड्या खिडकीचा गोल डाग उमटला होता, कागदावरचा आठाचा आकडाही पुसट उतरला होता. इतकी वर्षे तीच जागा खिडकीसमोर उभी होती. पण डागाच्या बाजूला, पट्टीचा अर्धा भाग व्यापून, एक मूल होते. भाचीने निगेटिव्ह उजेडावर धरून मोबाइलने टिपले, उलटे केले आणि दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणले. म्हणजे मोबाइलचे उपकार येथेही झालेच. कागदावर तो नीट दिसला. नीट म्हणजे आपला धूसर. क्लिक थ्रीचा खटका काही फार चपळ नाही, आणि चार हात अलीकडे आलेली वस्तू त्यात कधीच स्वच्छ येत नाही. तो धावत कॅमेऱ्याकडेच येत होता. हात पुढे. तोंड उघडे. पाठीमागे किल्ला, आणि किल्ल्यावरचे सिंहासन रिकामे. महाराज त्याच्या मुठीत होते.

वडील चावी फिरवायला का विसरले, ते मग कळले. समोरून तसे पळत येणारे मूल पाहून कोणीही कॅमेरा सोडून हात पुढे करील.

एक गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी महाराज सापडेनात म्हणून मी त्याला धपाटा घातला होता आणि तो नाही-नाही म्हणत रडला होता. रात्री महाराज तुळशीवृंदावनापाशी सापडले, तेव्हा मला वाटले, की मी उगाच मारले. पन्नास वर्षे मी तेच धरून चाललो होतो. आता कळले, की चोर तोच होता. बरे वाटले की वाईट, ते मला सांगता येणार नाही.

बहीण भाऊबीजेला आली. तिने कागद खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला. चेहरा तर धूसर. त्यात काय ओळखणार? ती म्हणाली, "कान माझे आहेत." मग आरशात जाऊन आली.

आईला फोटो दाखवायला मी दोन दिवस घाबरत होतो. शेवटी भाचीनेच नेऊन हातात दिला. आईने चष्मा पुसला. पाहिला. बोट जावळावर नेले नाही. खाली नेले, पायांवर.

"अनवाणीच सोडला होता," ती म्हणाली. "थंडी पडलेली. फरशी कसली गार असायची तेव्हा. मी शंभरदा सांगितलं होतं यांना, चप्पल घाला म्हणून त्याला."

मग तिने फोटो उशाखाली ठेवला. मी विचारले, सकाळची गोळी घेतलीस का? घेतली म्हणाली. घेतली नव्हती.